अहवालातील आकडा आणि रुग्णाचे हृदय



नाकाडोंगरी हे तुमसर तालुक्यातील, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचे गाव. भोवती धानाच्या बांध्या, जंगल आणि मँगनीजच्या खाणी. अशा गावात पूर्वी रुग्ण वैद्याकडे येत असे तो ज्वर, अतिसार, आमवात, त्वग्विकार घेऊन. आता पुष्कळदा तो येतो तेव्हा त्याच्या हातात तालुक्याच्या प्रयोगशाळेचा कागद असतो आणि त्यावर ‘एचडीएल’ या अक्षरांपुढील आकड्याभोवती पेनाने वर्तुळ काढलेले असते. “चांगलं कोलेस्टेरॉल कमी निघालं म्हणतात डॉक्टरसाहेब, ते वाढवायचं काही द्या,” अशी त्याची मागणी असते. आपण गुग्गुळाचा एखादा कल्प देतो, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगतो, आकडा थोडा वर गेलेला दिसतो आणि वैद्य व रुग्ण दोघेही समाधान पावतात. हे समाधान कितपत सकारण आहे, याचा विचार या लेखात मांडावयाचा आहे.

आरंभी स्वतःची एक चूक सांगणे प्रस्तुत लेखकास आवश्यक वाटते. पन्नाशी न गाठलेले एक गृहस्थ अँजिओप्लास्टी करून गावी परतले होते. मोठ्या रुग्णालयाने दिलेली स्टॅटिन गटातील गोळी त्यांना नको होती, कारण पाय दुखतात अशी त्यांची तक्रार होती. गोळी बंद करा असे मी त्यांना सांगितले नाही; परंतु ती त्यांनी बंद केल्याचे कळल्यावर मी गप्प राहिलो आणि गुग्गुळ सुरू ठेवला. सहा महिन्यांत त्यांचे एचडीएल ३२ वरून ३९ वर आले. तो कागद त्यांनी घरी जपून ठेवला. त्याच कागदावर एलडीएलचा आकडा वाढलेला होता, पण आम्हा दोघांचे लक्ष वर्तुळातील आकड्यावर होते. पुढील वर्षी त्यांना दुसरा झटका आला. ते वाचले, मात्र आज बांधीच्या धुऱ्यावरून शंभर पावले चालणेही त्यांना जड जाते. गोळी सुरू असती तर झटका आलाच नसता, असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही माझ्या मौनाचे समर्थन मला करता येत नाही. त्या प्रसंगानंतर या ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलचा पिच्छा पुरवला असता जी माहिती हाती आली, ती आपणा सर्वांस उपयुक्त ठरेल.

रक्तातील वाहतूकदार प्रथिन

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नसल्याने रक्तातून ते प्रथिनांच्या वेष्टनातील सूक्ष्म कणांमधून वाहून नेले जाते. या कणांना लिपोप्रोटीन म्हणतात. एलडीएल हे कण धमनीच्या भित्तीत शिरून तेथे साचू शकतात, तर एचडीएल हे कण पेशींमधील जादा कोलेस्टेरॉल उचलून घेतात. इतके आपणा सर्वांस ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की हे कण आपापला माल अखेरपर्यंत स्वतःजवळ ठेवीत नाहीत. रक्तात त्यांची परस्पर देवघेव सतत चालू असते आणि ती घडवून आणणारे एक स्वतंत्र प्रथिन आहे. त्याचे नाव कोलेस्टेरिल एस्टर ट्रान्सफर प्रोटीन, संक्षेपाने सीईटीपी. १९७५ साली झिल्व्हरस्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या रक्तद्रवात या क्रियेचा प्रथम छडा लावला. हे प्रथिन मुख्यत्वे यकृत आणि मेदपेशींमध्ये तयार होते. २००७ साली त्याची रचना उलगडली तेव्हा ते केळ्यासारखे वाकडे असून त्याच्या आतून एक लांब पोकळ मार्ग जातो, असे दिसून आले.

हे प्रथिन एचडीएलमधील कोलेस्टेरॉल काढून व्हीएलडीएल व एलडीएल या कणांना देते आणि त्याच्या बदल्यात त्यांच्याकडील ट्रायग्लिसराइड एचडीएलमध्ये आणून टाकते. धुरा फोडला की एका बांधीचे पाणी दुसरीत उतरते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. येथे मात्र पाणी दोन्ही दिशांनी वाहते: एक वस्तू इकडून तिकडे जाते, दुसरी तिकडून इकडे येते.

या ठिकाणी आपल्यापैकी अनेकांना केदारीकुल्या न्यायाची आठवण होईल. ती होणे स्वाभाविक आहे. परंतु म्हणून ‘आपल्या ऋषींना सीईटीपी ज्ञात होते’ असे विधान करण्याचा मोह आवरला पाहिजे. तो न्याय धातुपोषणाचा क्रम समजावण्यासाठी आहे. रक्तातील कणांच्या देवघेवीचे ते वर्णन नाही. ग्रंथांचा मान अशा ओढाताणीने वाढत नाही.

एक मोठी आशा आणि तिचा शेवट

१९८९–९० च्या सुमारास जपानमधील काही कुटुंबांत हे प्रथिन जन्मतःच नसल्याचे आढळले. त्या व्यक्तींचे एचडीएल अतिशय वाढलेले होते. उंदीर व घुशी या प्राण्यांत हे प्रथिन निसर्गतःच नसते आणि त्यांना धमनीविकार सहजी होत नाही. सशात ते भरपूर असते आणि त्याला तो लवकर होतो. यावरून तर्क सरळ दिसला: हे प्रथिन अडवावे, एचडीएल वाढेल, एलडीएल घटेल, हृदय वाचेल. (जपानमधीलच अकिता प्रांतातील ओमागारी भागात पुढे झालेल्या अभ्यासाने, अशा व्यक्ती विशेष दीर्घायुषी असतात या समजुतीस मुळीच दुजोरा दिला नाही. पण तोवर औषधनिर्मितीची चक्रे फिरू लागली होती.)

फायझर या कंपनीचे टॉर्सेट्रॅपिब हे त्यातील पहिले औषध. त्याच्या मोठ्या चाचणीत १५,०६७ रुग्ण होते आणि सर्वांना स्टॅटिन चालूच होते. वर्षभरात एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढले, एलडीएल २५ टक्क्यांनी घटले. कागदावर याहून सुंदर अहवाल कोणता असणार? परंतु डिसेंबर २००६ मध्ये चाचणी तातडीने थांबवावी लागली. औषध घेणाऱ्या गटात ९३ मृत्यू झाले होते, न घेणाऱ्या गटात ५९. रक्तदाब वाढला होता आणि अल्डोस्टेरॉन या अंतःस्रावाचे प्रमाणही वाढले होते.

त्यानंतर डालसेट्रॅपिब आले. १५,८७१ रुग्णांच्या चाचणीत एचडीएल वाढले, लाभ शून्य. मे २०१२ मध्ये तीही थांबली. मग एव्हासेट्रॅपिब. १२,०९२ रुग्ण, एचडीएल दुपटीहून अधिक, एलडीएल ३१ टक्क्यांनी कमी, आणि तरीही झटक्यांचे प्रमाण तेवढेच. ऑक्टोबर २०१५ मध्ये तीही बंद. अखेरीस ॲनासेट्रॅपिबच्या ३०,४४९ रुग्णांवरील, सुमारे चार वर्षे चाललेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ साली आला. मोठ्या हृदयघटना ११.८ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर आल्या. लाभ खरा होता, पण अल्प. आणि तोही एचडीएल दुप्पट झाल्याने मिळाला नसून, एलडीएलसारख्या कणांतील कोलेस्टेरॉल जितके घटले त्याच्याशी तो जुळणारा होता. उत्पादक मर्क कंपनीने ते औषध बाजारात न आणण्याचा निर्णय त्याच वर्षी घेतला. याच वर्गातील ओबिसेट्रॅपिब या औषधाचा २०२५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास एलडीएल सुमारे ३३ टक्क्यांनी घटल्याचे सांगतो. पण त्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न एलडीएल किती घटते हा होता, झटके किती टळतात हा नव्हता. संशोधकांची दृष्टी एचडीएलवरून पुन्हा एलडीएलकडे वळली आहे, हे त्यातून ध्यानी यावे.

चार मोठ्या चाचण्या, सत्तर हजारांहून अधिक रुग्ण. आणि त्यांतून उमगले ते एवढेच, की एचडीएलचा आकडा वाढणे आणि हृदय सुरक्षित होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आनुवंशिकीनेही २०१२ साली हेच सांगितले: ज्यांचे एचडीएल एका जनुकीय फरकामुळे जन्मभर अधिक असते, त्यांना हृदयविकाराचा झटका कमी येत नाही. नित्य मद्यपानानेही एचडीएल वाढते. मोहाची दारू रोज घेणाऱ्या एखाद्या इसमाचा आकडा आपल्या सर्वांहून चांगला निघू शकतो. त्याचे आरोग्य चांगले असे कोण म्हणेल?

हे आपल्यालाही लागू आहे

हा इतिहास वाचून आपल्यातील काहींना एक प्रकारचे समाधान वाटेल. ‘पाहा, आधुनिकांची औषधे अशी आपटतात’ असे उद्गार अशा प्रसंगी ऐकू येतात. मला वाटते, येथे आपण आरशात पाहावे. ज्यांनी ही औषधे निर्माण केली, त्यांनीच ती हजारो रुग्णांवर तपासली, मृत्यू मोजले आणि शेकडो कोटी रुपये पाण्यात गेले तरी निष्कर्ष जगापुढे ठेवला. आपण ‘कोलेस्टेरॉलवर रामबाण’ म्हणून जे कल्प देतो, त्यांचे असे मोजमाप कोठे आहे?

गुग्गुळाचेच पाहू. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या विचाराचा आधार घेऊन डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात १९६६ साली सादर केलेला प्रबंध हा भारतीय औषधिसंशोधनातील मैलाचा दगड होय. त्यातून पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुगुलिपिड हा अर्क विकसित केला. १९८९ साली त्याच्या चाचण्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. मुंबई, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ, वाराणसी आणि आपले नागपूर या केंद्रांवर त्या झाल्या होत्या. २०५ रुग्णांना बारा आठवडे औषध दिले असता ७० ते ८० टक्के रुग्णांत कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी घटले. हा आकडा आपल्या परिषदांतून, पत्रकांतून शेकडो वेळा उद्धृत झाला आहे. त्याच वृत्तांतात दुसरा भागही आहे आणि तो क्वचितच उद्धृत होतो. कोणते औषध चालू आहे हे रुग्णास व वैद्यास ठाऊक नसेल अशी व्यवस्था केल्यावर हीच घट सरासरी ११ टक्के भरली. औषध तेच. फरक केवळ आपल्या डोळ्यांवरील पट्टीचा!

२००३ साली अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवड्यांचा अभ्यास झाला. त्यात गुग्गुळाचा अर्क घेणाऱ्यांचे एलडीएल ४ ते ५ टक्क्यांनी वाढले, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे ५ टक्क्यांनी घटले. सहा जणांना अंगावर पुरळ उठले. या अभ्यासावर आपल्याकडून आलेला आक्षेप परिचित आहे: तो अर्क होता, त्रिफळाक्वाथात शोधन केलेला गुग्गुळ नव्हता, रुग्णांचा आहार, प्रकृती, देश वेगळे होते. आक्षेप योग्य आहे. परंतु १९८९ चे औषधही अर्कच होते. अर्काचा अनुकूल निष्कर्ष गुग्गुळाचा म्हणून स्वीकारायचा आणि प्रतिकूल निष्कर्ष मात्र अर्काचा म्हणून नाकारायचा, हा न्याय नव्हे. तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या दोन्ही अभ्यासांत मोजले गेले ते रक्तातील आकडे. किती जणांचा झटका टळला, हा प्रश्न तेथे विचारलेलाच नव्हता. टॉर्सेट्रॅपिबचा धडा लक्षात घेता आपणास त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

आपल्या रुग्णाचे एचडीएल कमी का?

मग वैद्याने हात बांधून बसावे काय? तसे मुळीच नाही. सीईटीपीचे कार्य समजून घेतले तर आपले खरे कार्यक्षेत्र कोठे आहे हे उलट अधिक स्पष्ट होते.

डॉ. शशांक जोशी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या, महाराष्ट्रासह देशाच्या चार भागांतील पाहणीत ७२.३ टक्के व्यक्तींचे एचडीएल कमी आढळले. ट्रायग्लिसराइड वाढलेले होते २९.५ टक्क्यांत, तर एलडीएल वाढलेले ११.८ टक्क्यांत. हा आपल्या लोकांचा विशेष आहे. रक्तात ट्रायग्लिसराइडने भरलेले कण वाढले की सीईटीपीमार्फत होणारी देवघेव वाढते. एचडीएलमध्ये ट्रायग्लिसराइड भरते, यकृतातील पाचक द्रव्य ते फोडते, कण लहान होतो आणि रक्तातून लवकर काढून टाकला जातो. म्हणून आकडा उतरतो. एलडीएलचे कणही याच मार्गाने लहान व घट्ट होतात. म्हणजेच आपल्या रुग्णांत एचडीएलची घट हे पुष्कळदा लक्षण असते. मूळ अन्यत्र असते: तीन वेळा भात, जोडीला साखरेचा चहा आणि पाकीटबंद खाऊ, पोटावर साचलेला मेद, आणि रोवणी-कापणीचे श्रम यंत्राकडे गेल्यावर उरलेले बैठे जीवन. पूर्वी तेवढाच भात खाणारा माणूस दिवसभर चिखलात उभा असे, हे विसरून चालणार नाही. लक्षणाचा आकडा वर ढकलून हेतू नाहीसा होत नाही.

हेतूचा त्याग ही चिकित्सेची पहिली पायरी आहे, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. चरकाचार्यांनी कफाच्या नानात्मज विकारांत हृदयोपलेप आणि धमनीप्रतिचय यांची गणना केली आहे. आजच्या विकाराशी त्यांचे तंतोतंत ऐक्य सिद्ध झालेले नसले तरी चिकित्सेची दिशा स्पष्ट आहे: अग्नीचा विचार, लंघन, व्यायाम, मिताहार. भाताचे प्रमाण घटवून डाळ, भाजी व जवसाची चटणी वाढवणे, रात्रीचे जेवण लवकर व हलके ठेवणे, रोज पाऊण तास झपाझप चालणे या गोष्टींनी ट्रायग्लिसराइड उतरते हे आधुनिकांसही मान्य आहे. आणि खर्रा! आपल्या जिल्ह्यात दिवसाला चार-पाच खर्रे खाणाऱ्या रुग्णास गुग्गुळ देऊन खऱ्र्याबद्दल चकार शब्द न काढणारा वैद्य स्वतःच्या शास्त्राशी प्रामाणिक आहे असे म्हणवत नाही.

काय करावे?

प्रस्तुत लेखकाच्या अल्पमतीनुसार पुढील गोष्टी आपण सर्वांनी पाळाव्यात.

पहिली, एकट्या एचडीएलवर बोट ठेवून औषध देऊ नये आणि ते वाढले म्हणून औषध लागू पडले असे रुग्णास सांगू नये. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की जे उरते, ते धमनीत साचू शकणाऱ्या सर्व कणांतील कोलेस्टेरॉल होय. ही वजाबाकी विनाखर्च होते. ती प्रत्येक कागदावर करावी. त्याजोडीला रक्तदाब, रक्तशर्करा आणि कमरेचा घेर नोंदवावा.

दुसरी, ज्याला एकदा झटका आलेला आहे किंवा ज्याची अँजिओप्लास्टी अथवा बायपास झालेली आहे, त्याच्या चालू गोळ्या आपण बंद करू नयेत आणि त्याने परस्पर बंद केल्यास माझ्यासारखे गप्प राहू नये. पाय दुखत असतील तर मात्रा वा औषध बदलण्यासाठी त्यास हृदयरोगतज्ज्ञांकडे पुन्हा पाठवावे. पाठविण्यात आपला कमीपणा नाही.

तिसरी, गुग्गुळ निरुपद्रवी आहे या समजुतीत राहू नये. प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या हृदयविकारातील औषधांचे रक्तातील प्रमाण गुगुलिपिडमुळे घटते, असे निरोगी व्यक्तींवरील अभ्यासात १९९४ सालीच दिसून आले आहे. म्हणून औषधविक्रेत्यांनी गुग्गुळाची डबी देताना ‘दुसरी कोणती गोळी चालू आहे?’ एवढा प्रश्न अवश्य विचारावा.

चौथी, विक्रेते बंधूंसाठी विशेष. हृदयरोग, धमनीकाठिण्य, स्थौल्य आणि मधुमेह ही नावे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात प्रतिबंधक कायद्याच्या परिशिष्टात आहेत. ‘ब्लॉकेज खोला’, ‘गोळ्यांपासून मुक्ती’ असे फलक दुकानासमोर लावणे बेकायदा तर आहेच, पण ते वाचून आपल्या गावातील माणूस आपली गोळी बंद करतो, हे अधिक गंभीर आहे. शिवाय गुग्गुळाची वनस्पती अतिसंकटग्रस्त गणली गेली आहे. जी वस्तू दुर्मीळ झाली आहे ती तरी योग्य रुग्णासाठीच वापरावी.

पाचवी, आपल्या संघटनेने एक साधा नोंदतक्ता तयार करावा. रुग्णाचे नाव न देता वय, प्रकृती, आहार, व्यसन, कल्प व मात्रा, चालू असलेली इतर औषधे, सर्व आकडे आणि दोन वर्षांत झटका आला की नाही, एवढेच त्यात असावे. सभासदांनी यशाबरोबर अपयशही त्यात भरावे. अशा नोंदींनी चाचणीची जागा भरून निघत नाही. पण कोणत्या प्रश्नाची चाचणी व्हावी हे त्यांतूनच कळते. प्रस्तुत लेखक स्वतःच्या वहीतील नोंदी, वर सांगितलेल्या गृहस्थांच्या नोंदीसह, प्रथम देण्यास तयार आहे.

ते गृहस्थ अजूनही दर महिन्यास येतात. आता त्यांच्या गोळ्या नियमित चालू आहेत, खर्रा सुटला आहे, भात एका वेळचा झाला आहे. परवा त्यांनी नवा कागद पुढे ठेवला आणि सवयीने एचडीएलचा आकडा विचारला. मी त्यांना प्रथम विचारले, आज किती पावले चाललात? त्यांनी सांगितलेला आकडा मी वहीत लिहून घेतला आणि मगच कागद उघडला.